एका खोलीतले दोन साहेब

तहसीलदार त्र्यंबकराव पिंपळखुटे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते तहसील कचेरीच्या मागच्या दाराने बाहेर पडताना, आणि दुसऱ्यांदा पाहिलं ते लगेचच, पुढच्या दाराने आत येताना. मधल्या वेळात ते मागच्या विहिरीवर गेले होते. तोंडावर पाणी मारलं, रुमालाने पुसलं, कचेरीला वळसा घातला आणि पुढच्या पायऱ्या चढून वर आले. दारातल्या चपराशाने कोर्ट आल्याचा पुकारा केला. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. थोड्या वेळापूर्वी ज्या खुर्चीतून ते उठले होते, त्याच खुर्चीत येऊन ते बसले.

मी नागपूरहून वकिलीची सनद घेऊन नुकताच गावी परतलो होतो. मला हा प्रकार कळेना. शेजारी त्यांचे पेशकार, म्हणजे कोर्टाचे कारकून, वानखेडे बसले होते. मूळचे वडनेरचे, शांत माणूस. ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "सकाळचे सायेब गेले, हे दुपारचे. याइले सकाळचं काही बोलू नोका."

आजच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागेल. वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. आमच्या तालुक्याच्या गावी तहसीलदार हाच महसुलाचा अधिकारी आणि तोच फौजदारी मॅजिस्ट्रेट. सकाळी त्याने शेतसारा, हद्दी, सरकारी जागांवरची अतिक्रमणं पाहायची, पोलिसांकडून बंदोबस्ताचं ऐकून घ्यायचं. आणि दुपारी त्याच पोलिसांनी आणलेले खटले चालवायचे. माणूस एक, टेबल एक, दौतही एकच. बाकीच्या तालुक्यांतले तहसीलदार सकाळचा माणूस दुपारी तसाच पुढे चालवत. पिंपळखुटे साहेबांना ते जमत नव्हतं. म्हणून ती विहीर, तो वळसा. गावात त्यांची थोडी चेष्टा होई. त्यांनाही ते ठाऊक होतं, पण पावसाळ्यातसुद्धा त्यांनी तो वळसा सोडला नाही. छत्री घेऊन जात.

माणूस उंच, किडकिडीत. गळ्यापर्यंत बटणं लावलेला सुती कोट आणि गालात सदा लवंग. खुर्चीत बसले की त्यांचा उजवा पाय हलायला लागे. साक्ष लांबली की ते उठत. चौथऱ्यावर इकडून तिकडे फेऱ्या मारत, खिडकीपाशी थांबून बाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत आणि साक्षीदार बोलायचा थांबला तर वळूनही न पाहता म्हणत, "चालू द्या, मी ऐकून राह्यलो." खरंच ऐकत. साक्षीदाराने सुरुवातीला काय म्हटलं आणि शेवटी काय म्हटलं, यातली तफावत ते नेमकी पकडत. निकाल मात्र बसून लिहीत नसत. खिडकीच्या रुंद दगडी कट्ट्यावर कागद ठेवून, उभ्याने, थोडं वाकून लिहीत. लिहिता लिहिता थांबत, चष्मा काढत, पुसत, पुन्हा घालत. वानखेडे सांगत की निकाल दिल्यावर साहेब घरी जेवत नाहीत, नुसते ताटात हात फिरवतात.

माझं घर त्यांच्या सरकारी बंगलीच्या मागच्या गल्लीत होतं. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे काकू म्हणत असू. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी मी कधी कधी त्यांच्याकडे जाऊन बसे. म्हणजे मी बसे आणि साहेब ओसरीत येरझाऱ्या घालत. काकू एकदा मला म्हणाल्या होत्या, "लग्न झालं तेव्हा असे नव्हते. ते मॅजिस्ट्रेटचे अधिकार मिळाले अन् पायाले भिंगरी लागली."

ही भिंगरी कशाने लागली त्याचा एक प्रसंग वानखेड्यांनी मला सांगितला. मी वकिली सुरू करण्याच्या थोडं आधीची गोष्ट. साहेब सकाळी दौऱ्यावरून परतत असताना सरकारी कुरणात बकऱ्या चरताना त्यांना दिसल्या. त्या वर्षी कुरणात जनावरं सोडायला बंदी होती. त्यांनी गाडी थांबवली, बकऱ्या कोंडवाड्यात घालायला सांगितलं आणि त्या हाकणाऱ्या बाईवर खटला भरायचा हुकूम केला. खटला अर्थातच त्यांच्यासमोर आला. बाईचं नाव पार्बताबाई. माहेर नाचणगावचं, नवरा मेलेला, जीभ चांगली चालणारी. साहेबांनी तिला विचारलं की बाई, तुझ्या बकऱ्या सरकारी कुरणात होत्या हे खरं का.

ती म्हणाली, "सायेब, मले काऊन इचारता? तुमीच तं पायल्या. पकडलं तुमीच, पायलं तुमीच, अन् आता खरं का खोटं हे बी तुमीच सांगनार. मंग मी कायले आली इथं?"

कोर्टात हशा पिकला. चपराशीही हसला. साहेब हसले नाहीत. ते उठले, खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ पाठ करून उभे राहिले. मग परत येऊन त्यांनी तो खटला आपल्याकडून काढून दुसऱ्या मॅजिस्ट्रेटकडे पाठवावा अशी शिफारस लिहिली. कायद्यात तशी सोय होतीच, पण एवढ्याशा बकऱ्यांच्या खटल्यासाठी ती कोणी वापरत नसे. वरच्या साहेबांनी विचारणा केली की हा काय पोरकटपणा आहे. पार्बताबाईला दुसऱ्या कोर्टात लांब जावं लागलं म्हणून तीही साहेबांना शिव्या देत राहिली. पण तिचं ते बोलणं त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. मला ते अनेकदा म्हणाले, "त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतो आहे. मंग मी कायले आली इथं?"

तेव्हापासून त्यांना एक सवय लागली. कोणी काही सांगायला आलं की ते हात वर करून थांबवत आणि विचारत, "हे कोणाले सांगून राह्यले? तहसीलदाराले की मॅजिस्ट्रेटले?" फौजदार तर या प्रश्नाला वैतागले होते. एकदा सकाळी ते चहा घेता घेता एका चोरीच्या खटल्यातल्या आरोपीबद्दल सांगायला लागले, की हा जुना बदमाश आहे, साहेब. पिंपळखुट्यांनी कप खाली ठेवला आणि कानांवर दोन्ही हात ठेवले. मोठा सरकारी अधिकारी कानांवर हात ठेवून बसला आहे आणि समोर फौजदार तोंड उघडं टाकून उभा आहे, हे दृश्य वानखेड्यांनी मला करून दाखवलं होतं.

छप्पन साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. त्याच्या थोडं आधी आमच्या भागातली कितीतरी माणसं नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आली होती. नदीपलीकडच्या एका खेड्यातल्या वस्तीनेही घेतली. परत आल्यावर त्यांनी मेलेली जनावरं ओढायचं काम बंद केलं. पुढच्या उन्हाळ्यात तिथे एका घरचा बैल मेला आणि दोन दिवस गोठ्यामागे पडून राहिला. मग गावातले वीस-पंचवीस जण काठ्या घेऊन वस्तीत गेले. मारामारी झाली. दोन्हीकडची डोकी फुटली. पोलिसांनी दंग्याचा खटला भरला, पण आरोपी केले फक्त वस्तीतले सहा जण. त्यांचं वकीलपत्र माझ्याकडे आलं. जुन्या वकिलांनी ते घेतलं नाही, म्हणून माझ्याकडे आलं, हे सांगायला हरकत नाही.

निवडणुकांची धामधूम नुकतीच ओसरली होती आणि त्या खेड्यातलं एक मोठं घर राजकारणात वजनदार होतं. एस.डी.ओ. साहेब, म्हणजे उपविभागीय अधिकारी, दौऱ्यावर आले आणि डाकबंगल्यात उतरले. पिंपळखुट्यांच्या कामाचा वार्षिक गोपनीय शेरा हेच साहेब लिहीत. त्यांनी पिंपळखुट्यांना बोलावलं. तिथे काय झालं ते मला त्याच संध्याकाळी काकूंकडून कळलं. एस.डी.ओ.नी हुकूम केला नाही, कोणीच तसा करत नसे. ते एवढंच म्हणाले की अशा लोकांना सुरुवातीलाच वचक बसला नाही तर जिल्हाभर हे लोण पसरेल आणि तहसीलदार म्हणून तालुक्याच्या शांततेची जबाबदारी तुमच्यावर आहे. मग लगेच बढतीच्या यादीचा विषय काढला.

"तुम्ही काय म्हणालात, असं मी यांना विचारलं," काकू मला सांगत होत्या, "तर म्हणतात, मी म्हणालो की तालुक्याची शांतता सकाळी पाहतो."

साहेब तेव्हा परसात होते. तिथे त्यांच्या फेऱ्या चालल्या होत्या. काकूंनी मला आत थांबू दिलं नाही. म्हणाल्या, "तुम्ही त्या खटल्यातले वकील. आता निकाल होईपर्यंत येत नोका जाऊ. मलेच जड जाईल, पण नोका येऊ." त्या काही फार शिकलेल्या नव्हत्या. पण त्या दिवसापासून निकालापर्यंत मी त्या गल्लीने गेलो तर मान खाली घालून गेलो, आणि त्या दारात असल्या तरी आत वळत.

खटला उभा राहिला. आरोपींत पुढे होता शिवराम थूल, कापसाच्या जिनात काम करणारा, तिशीचा. साहेबांनी त्याला विचारलं की तुमच्या लोकांनी गावाशी भांडण उकरून काढलं, असं पोलिसांचं म्हणणं आहे, त्याबद्दल काय सांगायचं आहे.

शिवराम म्हणाला, "सायेब, आमी भांडलो नाई. आमी फकस्त नाई म्हटलं. ढोर ओढत नाई, एवढंच म्हटलं. नाई म्हननं गुन्हा असन तर सजा द्या."

साहेब उठले आणि फेऱ्या मारायला लागले. गावातले साक्षीदार एकेक करून येत होते. सगळ्यांची साक्ष साच्यातून काढल्यासारखी: आम्ही समजूत घालायला गेलो होतो, या लोकांनी हल्ला केला. मी उलटतपासणीला उभा राहिलो. मी बरंच पाल्हाळ लावत होतो. मध्येच साहेब खिडकीपासून वळले आणि त्यांनी साक्षीदाराला स्वतःच विचारलं.

"मारामारी कोणाच्या दारात झाली?"

"याइच्या."

"तुमचा बैल कुठं मेला?"

"आमच्या गोठ्यात."

"मंग तुम्ही काठ्या घेऊन याइच्या दारात काऊन गेलते?"

साक्षीदार मोठ्या घरच्या माणसांकडे बघायला लागला. ती भिंतीला टेकून उभी होती. साहेबांनी उत्तराची वाट पाहिली, मग वानखेड्यांना म्हणाले, "साक्षीदार उत्तर देत नाही, असं लिहा."

सहाही जण सुटले. निकाल त्यांनी नेहमीसारखा खिडकीच्या कट्ट्यावर लिहिला आणि तिथूनच वाचला. धीट माणूस होता असं कोणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. ते घाबरले होते. निकालानंतरचे काही आठवडे त्यांना बढती हुकण्याची, बदलीची, निनावी तक्रारींची धास्ती होती. टपालवाला दिसला की ते घरात जात. ओसरीतल्या फेऱ्या वाढल्या. त्या वर्षी बढतीच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही, त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एकाचं आलं. त्यावर काकू बोलल्या. म्हणाल्या की या माणसाला दोन्हीकडचा पगार द्यायला पाहिजे, झोप दोन्हीकडची उडते.

पुढे कायदा बदलायची बोलणी सुरू झाली. मुंबईकडे न्याय आणि कारभार वेगळे करणारा कायदा आधीच होता. तोच आता आमच्याकडे लागू व्हायचा होता. म्हणजे तहसीलदाराने फौजदारी खटले चालवायचे नाहीत. मॅजिस्ट्रेट वेगळा असेल, कायद्याची पदवी घेतलेला असेल, त्याची नेमणूक हायकोर्टाच्या सल्ल्याने होईल आणि त्याच्या कामाचा शेरा कलेक्टर किंवा एस.डी.ओ. लिहिणार नाही. बाररूममध्ये आम्ही वकील यावर तासन् तास बोलत असू. जुने वकील म्हणत, तहसीलदाराचा दरारा गेला की राज्य कसं चालेल.

जिल्ह्यातले तहसीलदार वर्ध्याला जमले तेव्हा त्यांच्यात हाच विषय निघाला. तिथे गेलेल्या एकाने मला नंतर सांगितलं की सगळे विरोधात होते, एकटे पिंपळखुटे बाजूने बोलले. शेजारच्या तालुक्याचे तहसीलदार त्यांना म्हणाले की अहो, फौजदारी अधिकार गेले तर उद्या पटवारीसुद्धा उठून उभा राहणार नाही. पिंपळखुटे म्हणाले, "बसून राहू द्या ना त्याला. बसून त्याने खरं सांगितलं तर मला चालेल." हे ऐकून काही जण हसले आणि बऱ्याच जणांनी नंतर त्यांच्याशी बोलणं कमी केलं.

मला वाटलं होतं की हा माणूस आता सुखावेल. वर्षानुवर्षं ज्याने जीव खाल्ला ते ओझं उतरणार होतं. पण कायदा येणार हे नक्की झालं तसे ते जास्तच अस्वस्थ झाले. कोर्ट संपलं तरी ते उठेनात. किरकोळ खटलेही लांबवत. सायकलला दिवा नव्हता म्हणून पकडलेल्या माणसाची हकिकत ते असं मन लावून ऐकत, जणू खुनाचा खटला आहे. मग एक दिवस ते नागपूरला जाऊन आले. कशाला ते कोणाला सांगितलं नाही. मी संध्याकाळी गेलो तेव्हा ओसरीत कंदील लावायची वेळ झाली होती आणि साहेब, कधी नव्हे ते, पायरीवर बसले होते.

म्हणाले, "वकील, एक मूर्खपणा करून आलो."

त्यांनी कॉलेजात असताना कायद्याचा अभ्यास सुरू केला होता. वडील वारले आणि तो अर्धवट सुटला. पदवी नव्हती. ज्यांच्याकडे पदवी होती त्या काही अधिकाऱ्यांना न्यायखात्याकडे जायची वाट मोकळी होती. साहेब नागपूरला जाऊन विचारून आले होते की इतक्या वर्षांचा अनुभव धरून मला तिकडे घेता येईल का.

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले. अन् बरोबर म्हणाले." ते उठले, पुन्हा बसले. "नियम पाहिजे, नियम पाहिजे म्हणून मीच सगळ्यांपुढे बोललो. नियम आला, तर पहिल्यांदा मीच विचारायला गेलो की माझ्यापुरता थोडा बाजूला सरकवता का. परत येताना गाडीत मला नाही म्हणणाऱ्या त्या क्लार्कच्या तोंडाची आठवण येऊन राह्यली होती. तो हसला नाही, एवढे त्याचे उपकार."

काकू आतून चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "आवडत होतं तर आधी सांगायचं. मी उगीच इतकी वर्षं तुमच्या कोर्टाले नावं ठेवली."

साहेब म्हणाले, "मलाच कुठं माहीत होतं."

नवीन मॅजिस्ट्रेट आले ते पुण्याकडचे. तरुण, गोरे, बोलण्यात ‘आपण’ आणि ‘कृपया’. तहसील कचेरीतली मोठी खोली कोर्टाला गेली आणि तहसीलदाराचं टेबल मागच्या भागात हललं. मध्ये विटांची भिंत उभी राहिली. कारभार सोपवायच्या दिवशी साहेबांनी तरुण मॅजिस्ट्रेटना खोली दाखवली, खिडकी कशी उघडते ते दाखवलं आणि सांगितलं की दुपारी या बाजूने ऊन येतं, साक्षीदाराच्या डोळ्यांवर येतं, तेव्हा झडप लोटून घ्यावी. पुढच्या दिवसांत दुपारची वेळ झाली की ते मागच्या भागातून उठत, व्हरांड्यात येत, पुकारा ऐकत उभे राहत आणि कोणी पाहिलं की पाणी प्यायला आल्यासारखं करून परत जात. वानखेड्यांची नेमणूक आता नव्या कोर्टाकडे झाली होती. ते मला म्हणाले, "नवीन सायेब चांगले हायेत. पण बसून राह्यतात हो. मले सवय नाई."

नव्या व्यवस्थेतलं पहिलं मोठं भांडण मात्र पिंपळखुटे साहेबांवरच येऊन पडलं. गावाबाहेरच्या नाल्याकाठी केशव नावाच्या कुंभाराची भट्टी होती. जागा सरकारी. रस्ता रुंद करायचा म्हणून ती भट्टी हटवायचा हुकूम तहसीलदाराच्या सहीने निघाला होता. पटवारी माणसं घेऊन गेला तेव्हा भट्टी पेटलेली होती, आत माल भाजत होता. केशव आडवा झाला, पटवाऱ्याचा हात धरला, झटापट झाली. भट्टी पाडली गेली, आणि केशववर सरकारी नोकराच्या कामात अडथळा आणल्याचा आणि त्याच्यावर हात टाकल्याचा खटला उभा राहिला. पूर्वी असता तर हा खटला पिंपळखुट्यांसमोरच आला असता. आता ते सरकारतर्फे साक्षीदार होते आणि मी केशवचा वकील.

सरकारी बाजूने त्यांना एवढंच सांगायचं होतं की हुकूम माझा, सही माझी. केशवला हटायला सांगणारी नोटीस आधी मिळाली होती का, हा कळीचा मुद्दा होता. पटवारी शपथेवर सांगून गेला होता की मिळाली. केशव म्हणत होता, नाही. कागदावर अंगठा होता, पण कुंभाराचा अंगठा आणि दुसऱ्या कोणाचा अंगठा यातला फरक त्या कोर्टात लगेच कोण सांगणार?

साहेब पिंजऱ्यात येऊन उभे राहिले. शपथ घेतली. नेहमीचा कोट, नेहमीची लवंग. पाय हलत होता आणि त्याने पिंजऱ्याची जुनी फळी करकरत होती. तरुण मॅजिस्ट्रेट त्यांना बसायला खुर्ची द्या म्हणाले. साहेब नको म्हणाले.

खरं सांगायचं तर त्यांना काय विचारावं हे मला कळत नव्हतं. ज्या माणसाच्या ओसरीत मी चहा प्यालो त्याला खोटं पाडायचं माझ्याने झालं नसतं. मी साधाच प्रश्न विचारला.

"नोटीस बजावल्याची आपण स्वतः खात्री केली होती का?"

सरकारी वकील हरकत घ्यायला उठले. मॅजिस्ट्रेटनी त्यांना हाताने बसवलं आणि साहेबांकडे पाहिलं.

"नाही," पिंपळखुटे म्हणाले. "नियमाप्रमाणे करायला पाहिजे होती. पटवाऱ्याने बजावली म्हणून सांगितलं, मी सही केली. नंतर मी चौकशी केली. त्या आठवड्यात आरोपी गावात नव्हता, मुलीकडे आर्वीले गेलता. तेव्हा नोटीस त्याला मिळाली नाही, असं माझं म्हणणं आहे. हुकूम चुकीच्या पद्धतीने अमलात आला. सही माझी आहे, म्हणून चूकही माझी आहे."

सरकारी वकिलांनी फाईल मिटली. पटवारी दाराशी उभा होता, तो हळूच बाहेर गेला. तरुण मॅजिस्ट्रेट सगळं लिहून घेत होते. लिहिता लिहिता त्यांनी एकदाच मान वर केली आणि विचारलं, "आपल्याला कल्पना आहे ना की ही जबानी आपल्याविरुद्ध वापरली जाऊ शकते?"

साहेब म्हणाले, "आहे. लिहून घ्यावी."

केशव सुटला. साहेबांवर खात्याची चौकशी लागली. ती फार पुढे गेली नाही, पण काही महिन्यांत त्यांची बदली दूर चांद्याच्या जंगलपट्टीत झाली आणि ते तिथूनच निवृत्त झाले. काकूंचं एक पत्र आलं होतं, की हवा मानवत नाही, पण इथे यांना फिरायला जागा भरपूर आहे. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

पण मला ते आठवतात ते त्या साक्षीच्या दिवशीच्या संध्याकाळचे. कोर्ट सुटल्यावर व्हरांड्यात केशव त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला. साहेब मागे सरकले आणि रागावून म्हणाले, "पाया कोणाच्या पडून राह्यला? भट्टी पाडली ना मी तुझी." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं की दुसरी भट्टी कुठे लावशील. केशव म्हणाला की जागा कुठेही चालेल, पण जवळ माती पाहिजे, आणि माती काही सगळीकडे सारखी नसते. साहेबांनी चपराशाला तालुक्याचा नकाशा आणायला सांगितला, तो काखेत मारला आणि केशवला म्हणाले, चल.

मी सायकलने घरी निघालो तेव्हा ते दोघे मला नाल्याकाठी दिसले. उन्हं कलली होती. साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडली होती आणि बूट कुठेतरी काठावर काढून ठेवले होते. नकाशा उघडून ते बोटाने जागा दाखवत होते. केशव खाली बसला, त्याने मूठभर माती उचलली, थुंकी लावून मळली, दोन बोटांत चिरडून पाहिली आणि नाही म्हणून मान हलवली. साहेबांनीही वाकून तीच माती उचलली आणि चिरडून पाहिली. त्यांना काही कळलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी हात झटकला, नकाशा गुंडाळला आणि ते पाण्यातून तरातरा पुढे निघाले. मागून केशव धोतर सावरत, "सायेब, तिकडं नाई, मुरूम हाय तिकडं," असं ओरडत होता.